शेंडेनक्षत्राचा ऑक्टोबर

यंदाही पाऊस जातो जातो म्हणत गेलेला नाही. पाहुण्यानं दारात चप्पल घालून पुन्हा गप्पांना सुरुवात करावी, तसं त्याचं चाललं आहे. दुपारी ऊन इतकं की चिंचोळीच्या एमआयडीसीत पत्र्याखाली माणूस करपावा, आणि संध्याकाळी पाळी सुटून बाहेर यावं तर पश्चिमेला काळं गोळा झालेलं. बरोबरचे लोक ढग बघून पावलं उचलतात. मी थांबतो. त्या काळ्याच्या खाली, जमिनीला टेकून, एक उघडी फट राहते. कधी तांबूस, कधी पिवळट, कधी नुसतीच धुरकट. ती दिसली की मानेवरून काहीतरी गार सरकतं. परतीचा पाऊस म्हटलं की आमच्याकडे लोकांना ज्वारीची पेरणी आठवते. मला सांगोल्याकडचा एक माळ आठवतो, आणि तो न आठवला तर बरं असं वाटत असतानाच आठवतो.

माणसाला ऋतू आठवतात ते खरं म्हणजे वासानं. त्या ऑक्टोबराचा वास माझ्याजवळ अजून आहे. भिजलेली तापलेली माती, मेंढ्यांची ओली लोकर, आणि प्लास्टिकच्या कागदाखाली कोंडलेल्या लोखंडाचा. अत्तरवाल्याला सांगून करून घ्यावा असा नाही तो, पण कुठेही आला तरी मी ओळखीन. परवा बसमध्ये एका मेंढक्याशेजारी बसलो, बाहेर भुरभुर होती, आणि माझा स्टॉप निघून गेला.

सिद्धाराम माझा मित्र. एकाच चादरीच्या कारखान्यात आम्ही उमेदीची वर्षं काढली. मी वीजवाला, आणि तो रंगखान्यातला शेड मास्तर. गिऱ्हाइकानं दिलेल्या तुकड्याचा रंग आणि आपल्या हौदातून निघालेल्या सुताचा रंग एकच आहे की नाही, हे ठरवणारा माणूस म्हणजे शेड मास्तर. दोन तांबडे दोरे खिडकीपाशी धरून तो मान हलवायचा. ‘ह्यो मेव्हणा हाय, भाऊ न्हाय,’ म्हणायचा, आणि अख्खा हौद पुन्हा रंगवावा लागायचा. मालक चिडायचे, पण गिऱ्हाइकाकडून माल परत आला असं कधी झालं नाही. मला ते दोन्ही दोरे जुळे भाऊच वाटायचे. डोळे सगळ्यांना असतात, पण काहींच्याच डोळ्यांना पोट असतं, कितीही दिलं तरी न भरणारं. सिद्धारामचं तसं होतं. दिवसभर रंग बघून झाले की हा रात्री गच्चीवर जाऊन तारे बघत बसायचा.

दुर्बीणही त्यानं स्वतः केलेली. बाजारातली परवडत नव्हती, आणि परवडली असती तरी त्यानं घेतली नसती. दुसऱ्यानं जुळवलेलं त्याला काहीच पटत नाही. जाड काचेच्या दोन चकत्या घ्यायच्या, मधे घासायची पूड आणि पाणी घालायचं, आणि एका पिंपाभोवती फिरत फिरत वरची चकती खालच्या चकतीवर पुढेमागे सरकवत राहायचं. असं महिनेच्या महिने. हळूहळू एका काचेला खोलगटपणा येतो, आपल्याला जाणवणारही नाही इतका. मग त्यावर बाहेरून चकचकीत मुलामा करून आणायचा की झाला दुर्बिणीचा आरसा. नळी म्हणून त्यानं बोअरवेलमध्ये घालतात ती केसिंगची पाइप वापरली. एक अख्खा पावसाळा त्यांच्या अंगणातून सारखी खसखस ऐकू यायची. महादेवी वहिनी, म्हणजे त्याची बायको, मूळची दुधनीची, कानडी बोलणारी. त्या मला म्हणाल्या होत्या, ‘‘भावजी, ह्यांनी पिंपाशी सात फेरे घेतलेत. माझं काय आता?’’

या आरशाचा धर्म एकच, मुलाम्याला बोट लावायचं नाही. घरातल्या आरशाचा मुलामा काचेच्या पाठीमागे सुरक्षित असतो. दुर्बिणीच्या आरशाचा वर, उघडा असतो. बोटाचा तेलकटपणा त्यावर बसला की बसलाच. एकदा मी नुसता हात पुढे केला तर सिद्धारामनं भर पाहुण्यांत माझ्या मनगटावर चापट मारली होती.

मग त्याच्या रक्तात साखर आली. आधी पायाला, मग डोळ्यांना. उजवा डोळा बघता बघता गेला. डाव्याच्या पडद्यावरही रक्त उतरायला लागलं. डॉक्टरांनी डोळ्यात सुया दिल्या, लेझर केलं, आणि दिवाळीपर्यंत काय ते कळेल असं सांगितलं. डॉक्टर मोघम बोलायला लागले की माणसानं ओळखावं. सिद्धारामला किती दिसतंय असं विचारलं की तो म्हणायचा, ‘‘हाय की, लागतंय तेवढं.’’ कारखाना सुटलेलाच होता. घरात पाण्याचा पेला रोज एकाच जागी ठेवायचा असा नियम वहिनींनी मुकाट्यानं केला होता, आणि तो पेला न चाचपता उचलण्याचा नियम त्यानं केला होता. नवराबायको एकमेकांपासून काय लपवतात आणि काय लपवू देतात, यात तिसऱ्यानं पडू नये.

नेमका त्याच ऑक्टोबरात तो धूमकेतू आला. आमच्याकडे जुनी माणसं त्याला शेंडेनक्षत्र म्हणतात. सूर्याला वळसा घालून तो संध्याकाळच्या पश्चिमेला आला होता. ज्याच्या त्याच्या मोबाइलवर कुठल्या कुठल्या देशातले फोटो फिरत होते, आणि सोलापूरवर मात्र रोज संध्याकाळी ढगांचं झाकण पडत होतं. आम्ही रोज त्याच्या गच्चीवर जायचो, रोज खाली यायचो. हा धूमकेतू गेला की गेला. आपल्या नातवंडांच्या नातवंडांनाही दिसायचा नाही.

‘‘मला बाकी काय बघायचं न्हाय,’’ एका संध्याकाळी जिना उतरताना सिद्धाराम म्हणाला. त्याचा हात भिंतीवरून सरकत होता. ‘‘नातवाचं तोंड बघितलंय. तुझं तर लई बघितलंय. एवढा एक बघून घेतो. मग हा डोळा गेला तर जाऊ दे.’’

मी म्हणालो, ‘‘सांगोल्याला जाऊ.’’

सांगोल्याच्या पुढे माझ्या धाकट्या भावाचं डाळिंबाचं रान आहे, आणि त्याच्या वरच्या अंगाला मोकळा माळ. शहराचा उजेड नाही, पाऊसही तिकडे हात आखडून पडतो. कोजागिरी ढगातच गेली होती. त्यानंतर चंद्र उशिरा उगवायला लागला, म्हणजे दिवस मावळल्यावर काळोख मिळणार होता. त्या दिवशी सकाळी सिद्धारामनं दुर्बिणीतला आरसा काढून धुतला. मी करतो म्हटलं तर म्हणाला, ‘‘तू वायरी बघ,’’ आणि दार लावून घेतलं. दुपारी आम्ही नळी एका जुन्या चादरीत गुंडाळून गाडीच्या टपावर बांधली. वहिनीही आल्या. कशाला येताय, दमाल, असं मी म्हणालो, तर त्या डबा घेऊन गाडीत बसल्या.

डाळिंबाच्या बागांवर हल्ली पांढरं कापड घालतात, फळ उन्हानं आणि किडीनं खराब होऊ नये म्हणून. दिवसा ते दृश्य मोठं शहाणपणाचं दिसतं. दिवस कलल्यावर तसं राहत नाही. ती झाडं झाडं वाटत नाहीत. डोक्यावरून पांघरूण घेऊन ओळीनं बसलेली माणसं वाटतात, आणि वाऱ्यानं कापड हललं की कुणीतरी कूस बदलली असं वाटतं. वहिनी गाडीतून उतरल्या, एकदा तिकडे पाहिलं आणि पाठ करून उभ्या राहिल्या. मी हसलो. थोड्या वेळानं मीही पाठ केली.

माळाला लागून भावाचं एक पडीक रान होतं, त्यात मेंढरं बसवली होती. रानाला खत मिळावं म्हणून शेतकरी मेंढक्यांना बोलावून रात्रीचा कळप शेतात बसवतात, ती जुनी रीत आमच्याकडे अजून आहे. कळपाची मालकीण सखूबाई, वाळलेल्या शेंगेसारखी बाई, काठी टेकत आमच्याजवळ आली. केसिंगची पाइप बघून म्हणाली, ‘‘काय वो, बोअर मारताय व्हय हितं?’’

‘‘न्हाय बाई,’’ सिद्धाराम म्हणाला. ‘‘शेंडेनक्षत्र बघायला आलोय.’’

तिचं हसू तिथंच थांबलं. ‘‘ते काय बगायचं असतंय व्हय?’’ ती म्हणाली. मग आवाज उतरवून, मलाच सांगितल्यासारखं, ‘‘आमच्यात ते निगालं की मेंढरं मावळतीकडं त्वांड करून बसवत न्हाईत. कळप उगवतीकडं फिरवून बसवायचा. आज बसंनात बगा. किती बी फिरवली तरी तिकडंच त्वांड करत्यात.’’

मी मान हलवली. अशा गोष्टींना शहरातला माणूस हलवतो तशी. ती परत गेली, आणि तिचा ‘हिर्रर्र हिर्रर्र’ आवाज बराच वेळ ऐकू येत राहिला.

आम्ही दुर्बीण उभी केली. आकाश फिरतं तशी ती सावकाश फिरत राहावी म्हणून मी तिला एक छोटी मोटर बसवली होती. तेवढाच माझा या शास्त्राला हातभार. सूर्य ढगातच बुडाला. त्या काळ्याखालची फट मात्र उघडी होती, आणि तिच्यात शुक्र दिसला, एकदम, कुणी काडी ओढल्यासारखा. धूमकेतू त्याच्याच वरच्या बाजूला असणार होता. तेवढ्यात उजाड माळावरून पाऊस चालत आलेला मला ऐकू आला. दिसला नाही, ऐकू आला.

आम्ही दुर्बिणीवर प्लास्टिकचा कागद टाकला आणि गाडीत बसलो. काचा धुरकटल्या. वहिनींनी डब्यातली धपाटी काढली, कुणी खाल्ली नाही. सिद्धाराम डोळे मिटून बसला होता, परीक्षेच्या वर्गाबाहेर मुलं बसतात तसा. पाऊस आला तसाच निघून गेला, आणि तो गेल्यावर माळ इतका गप्प झाला की तसा गप्प माळ मी पुन्हा कधी ऐकला नाही. पावसानंतर किडे ओरडतात, बेडूक ओरडतात. काही नाही. वारा पडला होता. जमिनीतून वाफ उठत होती, आणि अर्ध्या अंधारात बागेवरची कापडं भिजून झाडांना चिकटली होती, त्यामुळे आता त्यांना खांदे आल्यासारखे दिसत होते.

कागद काढला. मी मोटर लावली. तिनं घरघर केली, दोन आचके दिले आणि बंद पडली. पाणी कुठेतरी गेलंच होतं. सिद्धाराम म्हणाला, ‘‘कर की रे काहीतरी.’’ इतक्या वर्षांत त्यानं माझ्याजवळ कधी अजीजी केली नव्हती. मी टॉर्च तोंडात धरला. त्याच्या काचेवर तांबडा कागद बांधलेला, कारण पांढऱ्या उजेडानं डोळे दिपतात आणि मग आकाशातलं फिकट काही दिसत नाही. त्या तांबड्या उजेडात माझे हात मला माझे वाटेनात. मी बॅटरीच्या दोन्ही तारा सोडवल्या, पुसल्या, आणि हातात धरून उभा होतो.

तेव्हा बारीक ‘कर्र’ असा आवाज आला. नळी फिरत होती.

पावसानं एखादा पेच सैल झाला असेल, नळीचा तोल एका अंगाला गेला असेल. वीजवाल्याला अशी पन्नास कारणं सुचतात, आणि मला ती तेव्हाही सुचली. पण ज्या यंत्राच्या तारा आपल्या हातात आहेत ते यंत्र कुणी हाक मारल्यावर मान वळवावी तसं वळायला लागलं, की कारणं कामाला येत नाहीत. नळी पश्चिमेकडे वळली, थोडी खाली झुकली आणि थांबली.

‘‘हात लावू नको,’’ सिद्धाराम म्हणाला.

तो वाकला आणि डावा डोळा दुर्बिणीला लावला. मी मावळतीकडे पाहिलं. फट मिटली होती. या टोकापासून त्या टोकापर्यंत एकच काळं, शुक्र नाही, काही नाही.

‘‘आला,’’ सिद्धाराम म्हणाला.

वहिनी माझ्याजवळ सरकल्या. ‘‘भावजी, आभाळ उघडलं काय?’’ त्यांनी हळूच विचारलं.

सिद्धाराम बोलत होता. खिडकीपाशी दोरे धरून बोलायचा तो त्याचा आवाज, जो मी कित्येक वर्षांत ऐकला नव्हता. ‘‘डोकं लहान हाय. हिरवं न्हाय म्हणता येत. पिवळ्यात निळीचा एकच थेंब पडावा तसं. शेपूट खाली गेलंय. एका कडंला धार जास्त उजळ हाय, दुसरी कड विरत गेलीय... पाण्यात रंग सोडल्यावर कडा विरती तशी.’’ आमच्या दुर्बिणीत सगळं उलटं दिसतं. खऱ्या आकाशात धूमकेतूचं शेपूट वर असतं, म्हणून तिच्यात ते खालीच दिसायला हवं होतं. तो अगदी बरोबर सांगत होता.

मी टॉर्च घेऊन नळीच्या तोंडाशी गेलो. आत वाकून पाहिलं. आरसा धुरकटला होता. जमिनीची वाफ त्या गार काचेवर बसून तो दुधासारखा झाला होता, त्यात माझं तोंडसुद्धा दिसत नव्हतं. मी बघत असतानाच त्या पांढऱ्यात मधोमध काहीतरी काळसर वर यायला लागलं. आधी तळवा, मग एकेक बोट. कुणीतरी आतून काचेला पंजा लावून उभं असावं, तसं.

टॉर्च माझ्या हातातून पडला नाही याचं मला अजून नवल वाटतं. मी तसाच वाकून राहिलो, कारण सरळ व्हायचं मला सुचलं नाही. मग मला दिसलं की त्या पंजाची करंगळी अर्धीच आहे. सिद्धारामची अर्धी करंगळी फार पूर्वी रंगखान्यात सूत पिळायच्या रुळात गेलेली. दव तेलकट जागी वेगळं बसतं, म्हणून त्याच्या हाताचा ठसा उमटून आला होता. सकाळी दार लावून, धुतलेल्या आरशाची मुलाम्याची बाजू कोणती हे कळावं म्हणून, त्यानं त्यावर हात टेकवून पाहिला होता. ज्या माणसानं बोटाच्या भीतीनं माझ्या मनगटावर चापट मारली, त्याला आपल्याच आरशाचं तोंड आणि पाठ डोळ्यांनी ओळखता आली नव्हती. म्हणजे डावा डोळाही गेला होता. दिवाळीची वाट बघायचं काही उरलं नव्हतं, आणि हे तो एकटाच जाणत होता.

मला रडू यायला हवं होतं. पण अंगावर काटा आला, कारण माझ्या एकदम लक्षात आलं की माझं डोकं आणि माझा तांबडा टॉर्च नळीच्या तोंडासमोर आहेत. ज्याला थोडंही दिसतं, त्याला आत निदान तांबडं काहीतरी दिसायला हवं होतं. आणि नळीच्या दुसऱ्या अंगाला सिद्धाराम न थांबता शेपटाचा रंग सांगत होता.

मी मान वर केली. माझ्या समोर, त्याच्या पाठीमागच्या अंधारात, डोळे होते. टॉर्चच्या उजेडात तांबडे पेटलेले, जमिनीपासून हातभर उंचीवर, माळाच्या कडेनं पसरलेले. अख्खा कळप उभा होता, मावळतीकडे तोंड करून. एकही मेंढरू आवाज करत नव्हतं. त्यांच्या मधून सखूबाई चालत आली. तिनं माझ्याकडे पाहिलं नाही, सिद्धारामकडे पाहिलं.

‘‘बगून झालं का?’’ ती म्हणाली. ‘‘झालं आसंल तर ते झाकून ठेवा, बाबा. माजी जनावरं उबीच हायती.’’

सिद्धारामनं दुर्बिणीवरून डोळा काढला. त्याचं तोंड ओलं होतं, पाऊस तर केव्हाच थांबला होता. ‘‘तू बघ,’’ तो मला म्हणाला. ‘‘लवकर बघ, जाईल.’’

मी वाकलो. आत राख कालवलेलं पाणी असावं तसं करडं होतं, दुसरं काही नाही.

‘‘दिसला?’’

‘‘दिसला,’’ मी म्हणालो.

मग वहिनी वाकल्या. बराच वेळ वाकून राहिल्या. उठल्या तेव्हा त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. पदरानं नवऱ्याचं तोंड पुसलं आणि म्हणाल्या, ‘‘दिसला की. साकु री. आता चला घरी.’’ दुधनीच्या बायका नवऱ्याला ‘पुरे आता’ म्हणतात, ते असं.

परत येताना तो सगळी वाट बोलत होता. इतक्या आनंदात मी त्याला नातवाच्या बारशातही पाहिलं नव्हतं. मी गाडीच्या उजेडात समोरचा रस्ता बघत होतो आणि आरशात मागे बघायचं टाळत होतो.

पुढे काही दिवसांनी मला त्या धूमकेतूचे फोटो पुन्हा दिसले. रंग पिवळसर, त्यात किंचित निळं-हिरवं. शेपटाची एक कड उजळ. फोटोतल्या रंगावर किती भरवसा ठेवायचा, हे शेड मास्तरच्या मित्राला कळतं, म्हणून मी मोबाइल बंद केला. फोटो त्यानं आधी पाहिले असतील असं मनाशी म्हणालो. मग आठवलं की मोबाइलचा पडदा त्याला कधीपासून दिसत नव्हता. कुणी वर्णन सांगितलं असेल, असं म्हणालो. माणूस कारणांच्या बाबतीत फार उदार असतो.

डॉक्टरांनाही मी एकट्यानं जाऊन विचारलं. ते चांगले गृहस्थ. म्हणाले, डोळा बंद पडला की मेंदू रिकामा बसत नाही. कुणाला वेलबुट्टी दिसते, कुणाला माणसं दिसतात, हे वेड नव्हे, घाबरू नका. मला एवढं बरं वाटलं की दवाखान्याबाहेर मी उभ्या उभ्या दोन कप चहा प्यालो. ते कारण मी अजून घट्ट धरून आहे. पण ते मला दिवसा पटतं. असा एखादा ढगाळ दिवस मावळायला लागला, मावळतीला ती फट उघडी राहिली, की वाटतं, डॉक्टर त्या माळावर नव्हते. मेंढरांचे डोळे तर चांगले होते.

सिद्धारामचं आता पूर्ण गेलं आहे. काठी घेतो, रेडिओ ऐकतो, कारखान्यातल्या नवीन पोरांना फोनवरून शिव्या घालतो. संध्याकाळी गच्चीवर खुर्ची टाकून बसतो. मी पाळी सुटली की बऱ्याचदा जातो. त्या संध्याकाळचा विषय आम्ही कधी काढला नव्हता. मला वाटायचं, त्याला त्याचा धूमकेतू मिळाला आहे, तो खरा की खोटा हे विचारणारा मी कोण.

परवा मधेच एक दिवस उघाडीचा आला. आभाळ धुवून काढल्यासारखं स्वच्छ. वहिनी चहा देऊन खाली गेल्या. दिवस बुडाला, गच्चीवरच्या टाक्या काळ्या झाल्या, आणि का कुणास ठाऊक, मी विचारलं, ‘‘सिद्धाराम, त्या दिवशी माळावर तुला नक्की काय दिसलं रे?’’

‘‘त्या दिवशी कशाला?’’ तो म्हणाला. ‘‘आता बी हाय की.’’

मी कप खाली ठेवला.

‘‘गेलाच न्हाय तो,’’ सिद्धाराम शांतपणे सांगत होता. ‘‘आधी दिवस मावळला की यायचा. आता दुपारी बी असतो. थोडा मोठा झालाय. डोकं तेवढंच होतं, आता जरा रुंदावलंय. शेपूट पार हिकडं आलंय.’’ त्यानं आपल्या छातीवरून हात फिरवला.

‘‘वहिनींना सांगितलंस?’’

‘‘तिला कशाला? ती अंगारा लावत बसंल.’’

‘‘भीती नाही वाटत?’’

खाली कुणाच्या तरी घरात कुकरची शिट्टी झाली. ‘‘वाटायची,’’ तो म्हणाला. ‘‘सुरुवातीला लई वाटायची. झोपायचो न्हाय. पण दुसरं काय न्हायच रे तिथं. सगळं काळं, आणि त्यात तेवढा एक. आता तो जाईल म्हणून भीती वाटती.’’ मग थोडा हसला. ‘‘एकट्यानं बघायचा कंटाळा येतो, एवढंच हाय.’’

त्यानं चाचपत माझा खांदा शोधला, आणि दोन्ही हातांनी माझं डोकं धरून सावकाश वळवलं, जरा डावीकडे, जरा वर, शेड जुळवताना दोरा उजेडाला धरावा तितक्या काळजीनं. त्याचे हात गार होते.

‘‘हितं,’’ तो म्हणाला. ‘‘आता सरळ म्होरं. दिसतोय?’’

समोर स्वच्छ, रिकामं आभाळ होतं. हो म्हणायला तोंड उघडलं होतं, पण त्याची बोटं माझ्या कानशिलांवर होती आणि मला खोटं बोलवेना.

‘‘नाही रे,’’ मी म्हणालो.

तो रागावला नाही. नवख्याला सांगावं तसं, समजुतीनं म्हणाला, ‘‘थांब जरा. डोळे सरावू दे अंधाराला.’’

त्यानं हात काढले नाहीत. मी डोळे उघडे ठेवून थांबलो.